जर्मनीत आल्या आल्या कुठल्या बँकेत खातं उघडू?

पत्र

ताई, मी मूळची सांगलीची. चार वर्षं पिंपरीत नोकरी केली आणि गेल्या महिन्यात श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत रुजू झाले. कंपनीने दोन महिन्यांसाठी श्टुटगार्ट शहरात सामानसुमानासकट एक खोली दिली आहे, पुढचं घर माझं मला शोधायचंय. पगारासाठी दहा तारखेपर्यंत आयबॅन, म्हणजे खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक द्या, असं एचआरने सांगितलंय. ऑफिसमधला एक सहकारी म्हणतो, मोबाइलवर दहा मिनिटांत खातं उघडतं आणि फी शून्य. मी प्रयत्न केला, तर व्हिडिओवरच्या पडताळणीत माझा पासपोर्ट दोनदा नाकारला. खोलीची मालकीण म्हणते, श्पारकासेत जा. पण तिथे दर महिन्याला फी आहे आणि माझं जर्मन ए-२ या सुरुवातीच्या पातळीपुढे गेलेलं नाही. शिवाय पत्ता नोंदवायची तारीख मिळाली आहे ती अजून बारा दिवसांनी. बाबा म्हणतात, एवढी घाई कशाला, पगार इथल्याच खात्यात मागव. सांगलीच्या घराच्या कर्जाचा ३१ हजारांचा हप्ता माझ्या पुण्याच्या बचत खात्यातून जातो, आईबाबांनाही थोडे पैसे पाठवायचे असतात. सगळे वेगवेगळं सांगतात. पहिलंच पाऊल चुकलं तर पुढचं सगळं अडेल, अशी धास्ती वाटते. काय करू?

उत्तर

आधी त्या धास्तीचं बघू. दहा तारखेपर्यंत आयबॅन दिला नाहीस तर पगार बुडत नाही. तो उशिरा मिळतो, फार तर पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर जमा होतो. आजच एचआरला दोन ओळी लिही: खात्याचं काम चालू आहे, उशीर झालाच तर थोडी उचल मिळेल का? जर्मनीत याला फोरशुस म्हणतात. नव्याने आलेल्या माणसाने तो मागितला तर कुणाला वावगं वाटत नाही. दुसरं म्हणजे, आज उघडलेलं खातं जन्मभर ठेवायचं बंधन नाही. खातं एका बँकेतून दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल तर दोन्ही बँकांनी मदत करायची, नेहमीचे हप्ते आणि वजावटींची यादी एकमेकींना द्यायची, असा कायदाच २०१६ पासून इथे आहे. म्हणजे तू आत्ता एका वर्षापुरता निर्णय घेते आहेस.

त्या वर्षासाठी माझं मत सरळ आहे. घराजवळ किंवा ऑफिसजवळ शाखा असलेल्या बँकेत खातं उघड, आणि महिन्याची फी भर. खातं निवडताना लोक फी बघतात, अ‍ॅप बघतात. मी विचारते, काही अडलं तर समोर बसून बोलायला माणूस आहे का? कारण पहिल्या वर्षात अडतंच. एटीएम कार्ड गिळतं. फोन बिघडतो आणि त्याच्याबरोबर व्यवहार मंजूर करायचं अ‍ॅपही जातं. व्हिसाच्या जागी राहण्याचा परवाना येतो, बँकेला त्याची प्रत हवी असते, त्यांचं पत्र तुझ्या हाती पडत नाही आणि एक दिवस खातं गोठतं. नुसत्या अ‍ॅपवरच्या खात्यात असं झालं तर चॅटच्या रांगेत उभं राहायचं, आणि पगार त्याच खात्यात अडकलेला असतो. इथे अजून तुझे नातेवाईक नाहीत, उसने मागता येतील असे शेजारी नाहीत. महिन्याला आठ-दहा युरो फी म्हणजे वर्षाला शंभराच्या आसपास. पहिल्या वर्षी तो खर्च मी खुशाल करीन. वर्षभराने भाषा आली, पत्ता पक्का झाला, कागद जागेवर आले, की बिनफीच्या ऑनलाइन बँकेत जा. त्यातल्या काही फार चांगल्या आहेत. दरमहा ७०० किंवा १,००० युरो अशी ठरावीक रक्कम जमा होत असेल तर बऱ्याच ठिकाणी फी माफ असते, आणि तुझा पगार त्यात सहज बसेल. आत्ता तुलना करायचीच असेल तर बाफिन या सरकारी देखरेख संस्थेच्या संकेतस्थळावर २०२५ पासून सगळ्या खात्यांची फी एका जागी बघता येते, तीही जाहिरातींशिवाय.

आता श्पारकासेविषयी, कारण मालकिणीचं म्हणणं बरोबर असलं तरी तू शहरभर ती पाटी शोधत फिरशील. श्पारकासे ही एक बँक नाही. ज्या त्या शहराची किंवा जिल्ह्याची आपली वेगळी श्पारकासे असते, आणि ती शक्यतो आपल्याच भागातले ग्राहक घेते. श्टुटगार्ट शहरात श्पारकासेचं काम बी-डब्ल्यू बँक करते. शहराबाहेर पडलीस की ब्योब्लिंगन, एसलिंगन, लुडविग्सबुर्ग, वायब्लिंगन या प्रत्येक ठिकाणची क्राइसश्पारकासे निराळी. एटीएमचं जाळं मात्र सगळ्यांचं एक. त्यामुळे आज बी-डब्ल्यू बँकेत खातं उघडून उद्या एसलिंगनला राहायला गेलीस तरी खातं तसंच चालू राहील. फोल्क्सबँक ही सहकारी बँक. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरकडे जिल्हा बँका आणि नागरी सहकारी बँका पाहिलेल्या माणसाला तिची रचना परकी वाटणार नाही, तिथे सभासद होऊन भागही घेता येतो. या दोघींपैकी जिची शाखा तुला चालत जाण्याच्या अंतरावर असेल ती घे. त्यांच्यात उजवं-डावं करत बसण्याइतका फरक नाही.

शाखेत जाण्याआधी वेळ ठरवून घे. नुसतं जाऊन उभं राहिलं तर बहुतेक वेळा पुढची तारीख देऊन परत पाठवतात. पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार आणि खोलीच्या मुक्कामाचा कागद बरोबर ने. जर्मन बोलणारा एखादा सहकारी अर्धा तास आला तर उत्तम. समोरचा माणूस इंग्रजी बोलेलही, पण कागद जर्मनमध्येच असतील. आणि एक गोष्ट घट्ट धरून ठेव: त्या दिवशी सही फक्त चालू खात्यावर, म्हणजे गिरोकोंटोवर करायची. खातं उघडता उघडता घरासाठीची बचत योजना, एखादा विमा, पेन्शनचा करार असं काहीबाही पुढे सरकवलं जातं. ते वाईटच असतं असं नाही, पण वीस-तीस वर्षांचा करार पहिल्या महिन्यात, अर्ध्या कळणाऱ्या भाषेत करू नये. "कागद घरी नेते, वाचून सांगते," एवढं म्हणून उठायचं.

पत्त्याच्या नोंदणीचं, म्हणजे आनमेल्डुंगचं. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी असा नियम आहे, पण मोठ्या शहरांत तारीखच उशिरा मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे. तारीख मिळाल्याचा ईमेल छापून जवळ ठेव. रोज सकाळी ब्युर्गरब्युरोच्या, म्हणजे ही नोंदणी करणाऱ्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर रद्द झालेल्या वेळा बघ, शहरातल्या दुसऱ्या भागातल्या कार्यालयातही नोंदणी चालते. जाताना खोली देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. नुसता करार चालत नाही, आणि अनेकांची तारीख याच एका कागदावाचून फुकट जाते. ते पत्र आजच कंपनीकडे मागून ठेव.

नोंदणीचा दाखला हातात नसताना बँक खातं उघडेल का? काही उघडतात, काही थांबायला सांगतात. थांबायला सांगितलं तर आधी दुसऱ्या बँकेत विचार. आणि कुणी सरळ नाहीच म्हणालं तर "बाझिसकोंटो" हा शब्द वापर. जून २०१६ पासून, युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येक माणसाला जर्मनीत मूलभूत खातं मिळण्याचा हक्क आहे. ज्याला पक्का पत्ताच नाही त्यालासुद्धा. त्याचा ठरावीक छापील अर्ज असतो. तो भरून दिला की बँकेने दहा कामाच्या दिवसांत खातं द्यायचं, नाकारलं तर कारण लेखी द्यायचं, आणि ते कारण पटलं नाही तर बाफिनकडे दाद मागता येते. या खात्यावर उधारीची सोय नसते, बाकी पगार, भाडं, कार्ड सगळं चालतं. फी कधी कधी साध्या खात्याहून जास्त असते, म्हणून हा मार्ग पहिला धरायचा नाही. पण तो आहे हे माहीत असलं की काउंटरवर आवाज कापत नाही.

तुझा पासपोर्ट व्हिडिओवर नाकारला गेला यात तुझं काही चुकलं नाही. व्हिडिओवर ओळख पटवणाऱ्या कंपन्यांची कुठल्या देशाचा पासपोर्ट चालतो याची यादी असते, आणि भारतीय पासपोर्ट प्रत्येक यादीत नसतो. पुढे ऑनलाइन खातं उघडशील तेव्हा अर्ज भरण्याआधी ही यादी बघ, आणि पोस्टातून ओळख पटवायची सोय आहे का ते बघ. बँक एक कागद देते, तो आणि पासपोर्ट घेऊन पोस्टात जायचं, तिथला माणूस चेहरा आणि पासपोर्ट ताडून बघतो आणि कागद परस्पर बँकेला जातात. जुनी रीत आहे पण अडत नाही.

आता पत्रपेटीबद्दल. ऐकायला किरकोळ वाटेल, पण पहिल्या महिन्यात सर्वात जास्त खाती यापायीच रखडतात. खातं उघडलं की कार्ड एका पाकिटात येतं. पिन दुसऱ्या पाकिटात, दोन-चार दिवसांनी. ऑनलाइन व्यवहारांसाठीचा सुरुवातीचा कोड तिसऱ्या पाकिटात. पाकिटं साधी पांढरी असतात, जाहिरातीच्या गठ्ठ्यात सहज हरवतात. इथला पोस्टमन फ्लॅट क्रमांक बघून पत्र टाकत नाही, कारण आपल्याकडच्यासारखे ते बहुतेक इमारतींत नसतातच. तो पेटीवरचं नाव वाचतो. तुझं आडनाव पेटीवर नसेल तर पाकीट परत जातं, आणि बँकेच्या दप्तरी नोंद होते की या पत्त्यावर ही व्यक्ती राहत नाही. मग खातं अडतं. कंपनीच्या खोल्यांवर राहणाऱ्यांची नावं बहुधा लावलेली नसतात. आज संध्याकाळी खाली जाऊन बघ. नाव नसेल तर मालकिणीला विचारून कागदाच्या पट्टीवर ठळक रोमन अक्षरांत आडनाव लिही आणि चिकटपट्टीने लाव. तिने नाही म्हटलं, तर तिच्या नावाच्या मार्फत असा पत्ता बँकेला दे. आणि दोन महिन्यांनी घर बदलशील तेव्हा पोस्टात पत्रं नव्या पत्त्यावर वळवण्याची सेवा घे, थोडे पैसे लागतात पण घे.

नावावरून आठवलं. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात पुष्कळदा स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही असतं. जर्मन दफ्तरात ती दोन्ही तुझी पहिली नावं ठरतात. त्यात काही बिघडत नाही, फक्त सगळीकडे एकसारखं असलं पाहिजे: करारात, पत्त्याच्या नोंदणीत, बँकेत, आरोग्य विम्यात. ऑक्टोबर २०२५ पासून युरो देशांमध्ये पैसे पाठवताना बँक आयबॅन आणि नाव जुळतं का हे आधी तपासते, आणि जुळत नसेल तर पाठवणाऱ्याला इशारा दिसतो. उद्या घरमालक काउत्सिऑन, म्हणजे डिपॉझिट, परत करताना असा इशारा बघून थबकू नये, म्हणून एचआरलाही पासपोर्टवरचंच पूर्ण नाव दे.

कार्डाचं थोडक्यात. सहकाऱ्याच्या अ‍ॅपवर मिळतं ते बहुधा व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट कार्ड. मोठ्या दुकानांत, रेल्वेत ते चालतं. पण कोपऱ्यावरची बेकरी, भाजीचं दुकान, काही दवाखाने, सरकारी कार्यालयातला पैसे भरायचा काउंटर इथे अजूनही पुष्कळ ठिकाणी फक्त गिरोकार्ड, म्हणजे जर्मन बँकांचं आपलं डेबिट कार्ड, किंवा रोख घेतात. जुने लोक गिरोकार्डालाच ईसी-कार्ड म्हणतात. श्पारकासे आणि फोल्क्सबँक गिरोकार्ड देतात, काही ऑनलाइन बँका त्याचे वेगळे पैसे घेतात. रोख काढताना आपल्या बँकेच्या जाळ्यातलंच एटीएम वापर, दुसऱ्याच्या एटीएमवर एका वेळेला चार-पाच युरो किंवा त्याहूनही जास्त जातात. रेवे, एडेका, लिडल, डीएम अशा दुकानांत खरेदी करताना गल्ल्यावरच रोख मागता येते, बहुतेक ठिकाणी २०० युरोपर्यंत, फुकट.

ज्या गोष्टीत भारतातून आलेला माणूस सर्वात जास्त फसगत करून घेतो ती म्हणजे लास्टश्रिफ्ट. आपल्याकडे बिल येतं, आपण यूपीआयने भरतो, विसरलो तर आठवण येते. इथे उलटं आहे. तू आयबॅन आणि परवानगी देतेस, आणि समोरचा ठरल्या दिवशी तुझ्या खात्यातून पैसे ओढून घेतो. वीज, मोबाइल, इंटरनेट, डॉयचलांडटिकीट हा महिन्याचा प्रवासपास, जिम, सगळं असंच. शिवाय रेडिओ-टीव्हीची घरटी १८.३६ युरोंची मासिक वर्गणी. ती घरात टीव्ही नसला तरी द्यावी लागते, आणि तिचं पत्र पत्त्याची नोंदणी झाली की आपोआप येतं. काही वजावटी महिन्याच्या, काही तीन महिन्यांच्या एकदम, काही वर्षाच्या. खात्यात त्या दिवशी पैसे नसले तर वजावट परत जाते, समोरचा त्याचा दंड लावतो, मग मानुंग म्हणजे तगाद्याचं पत्र येतं. त्या पत्राकडे दुर्लक्ष केलं की प्रकरण वसुली कंपनीकडे जातं, आणि सात युरोंची वजावट सत्तर युरोंना पडते. म्हणून खात्यात निदान एका महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम कायम ठेव. त्या रकमेला हप्त्यासाठीही हात लावू नकोस. पगाराच्या दुसऱ्या दिवशी सगळे पैसे भारतात पाठवून इथे काटकसर करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांची दानत मोठी असते, पण दंडात जातं ते त्या आईवडिलांच्याच वाट्याचं जातं.

लास्टश्रिफ्टची दुसरी बाजू तुझ्या फायद्याची आहे. परवानगी दिलेली वजावटसुद्धा आठ आठवड्यांच्या आत कारण न देता परत फिरवता येते, आणि परवानगीच नसेल तर तेरा महिन्यांपर्यंत. जिम सोडल्यावरही पैसे कापले गेले, तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये एक बटण दाबायचं असतं. देणं खरं असेल तर मात्र ते दाबू नये, मागे तगादा लागतोच.

अ‍ॅपवरच्या खात्यांविषयी दोन गोष्टी पारखून घे. एक, ती बँक आहे की पैसे पाठवणारी कंपनी? एन-२६ सारख्या काहींकडे जर्मनीतला पूर्ण बँकेचा परवाना आहे. बँकेतल्या ठेवीला माणशी, दर बँकेमागे १ लाख युरोपर्यंत कायद्याचं संरक्षण आहे, आपल्याकडे ५ लाख रुपयांचं आहे तसं. पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांना हे संरक्षण लागू नसतं, तिथे पैसे वेगळे राखून ठेवायचा नियम असतो. वापरायला हरकत नाही, पण साठवण तिथे करू नये. दोन, आयबॅन कुठल्या देशाचा आहे? जर्मन आयबॅन डीईने सुरू होतो आणि २२ अक्षरांचा असतो. लिथुआनिया किंवा बेल्जियमचा आयबॅन नाकारायला युरोपीय कायद्याने बंदी आहे, तरी काही मोबाइल कंपन्या आणि कार्यालयं तो घेताना खळखळ करतात. कायदा तुझ्या बाजूने असला तरी पहिल्या महिन्यात भांडत बसण्यापेक्षा डीईचाच घे.

घर शोधताना घरमालक शुफाचा कागद मागतील. शुफा म्हणजे माणसाची पत नोंदवणारी कंपनी, आपल्या सिबिलसारखी. तुझी नोंद आत्ता कोरी आहे, आणि कोरी म्हणजे वाईट नव्हे. खातं उघडलं की नोंद सुरू होते. तोवर घरमालकाला नोकरीचा करार, पगाराच्या चिठ्ठ्या आणि एचआरचं पत्र दे. चांगला घरमालक त्यावर समजून घेतो. शुफाकडून स्वतःच्या माहितीची प्रत कायद्याने फुकट मिळते. घरमालकाला द्यायचा आटोपशीर दाखला मात्र विकत घ्यावा लागतो. संकेतस्थळावर विकतचा ठळक असतो आणि फुकटचा शोधावा लागतो, एवढं लक्षात ठेव. खात्यावर डिस्पो, म्हणजे उधारीची मर्यादा देऊ केली तर पहिल्या वर्षी नको म्हण. व्याज बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांच्या वर असतं आणि ते अंगवळणी पडतं.

काउत्सिऑन मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ते तीन समान हप्त्यांत द्यायचा तुला हक्क आहे, पहिला हप्ता घराचा ताबा मिळताना. घर न दाखवता, "मी परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो, आधी पैसे टाक" म्हणणारा माणूस चोर असतो. कितीही गोड बोलो, कितीही फोटो पाठवो.

याहून घातक प्रकार हा आहे. घरबसल्या काम, एखादं अ‍ॅप तपासून बघायचं, त्यासाठी एका बँकेत खातं उघडून दाखवायचं, नाहीतर आपल्या खात्यात आलेले पैसे थोडं कमिशन ठेवून पुढे पाठवायचे. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना हे हमखास विचारतात. ते चोरीचे पैसे असतात, आणि खातं तुझ्या नावावर असल्यामुळे पोलीस तुझ्या दारात येतात. मला माहीत नव्हतं म्हणून सुटका होईलच असं नाही. तुझ्या पासपोर्टने उघडलेलं खातं दुसऱ्या कुणालाही वापरू द्यायचं नाही, सख्ख्या मैत्रिणीलासुद्धा नाही.

हे सदर वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मध्येच एक सांगते. व्हिसासाठी श्पेरकोंटोत, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम सोडणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवले म्हणजे खात्याचं काम झालं, असं समजू नका. त्यातले महिन्याला ९९२ युरो सुटतात ते गिरोकोंटोत, आणि ते तुम्हाला इथे येऊन वेगळं उघडावं लागतं. पहिल्या महिन्याचा खर्च हाताशी ठेवूनच विमानात बसा.

आता बाबांचं म्हणणं. त्यांना तुझी काळजी आहे आणि ओळखीच्या बँकेवर विश्वास आहे. पण पगार भारतातल्या खात्यात येणं व्यवहारात जमत नाही. कंपन्यांची पगाराची यंत्रणा इथल्या युरो खात्यांसाठी असते. जमलं तरी युरोचे रुपये करायचे आणि भाड्यासाठी रुपयांचे पुन्हा युरो, यात दोनदा पैसे गळतात. बाबांना हे सांगताना एक चांगली बातमीही सांग. तुझं पुण्याचं खातं बंद करायची गरज नाही, त्याचं रूप बदलावं लागेल.

नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसाला साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यायचं हा परकीय चलनाच्या कायद्याचा नियम आहे, आणि तो न पाळणारे असंख्य आहेत म्हणून तो नाही असं होत नाही. एनआरओत भारतातली मिळकत जमा होते. त्यावरच्या व्याजातून ३० टक्के आणि वर अधिभार असा कर आधीच कापला जातो. इथून पाठवलेल्या पैशांसाठी दुसरं, एनआरई खातं उघड. त्यातले पैसे हवे तेव्हा परत आणता येतात आणि व्याजावर भारतात कर नाही. घराचा हप्ता दोन्हींतून जाऊ शकतो. आईला किंवा बाबांना त्या खात्यावर व्यवहाराचा अधिकार देऊन ठेवता येतो, म्हणजे रात्री-बेरात्री दवाखान्याची वेळ आली तर ते तुझ्या फोनची वाट बघत बसणार नाहीत. आईबाबांना मुलीने दिलेल्या पैशांवर त्यांना कर लागत नाही, त्यामुळे थेट त्यांच्या खात्यात पाठवलंस तरी चालतं.

हे रूपांतर करताना सर्वात आधी बँकेला विचार: खाते क्रमांक तोच राहील की बदलेल? बदलणार असेल तर हप्त्याची परवानगी नव्याने द्यावी लागेल, आणि ती लागू झाल्याशिवाय जुनं खातं बंद होऊ देऊ नकोस. गृहकर्ज देणाऱ्या बँकेलाही तू परदेशी आल्याचं कळव. तुझ्याकडे तीन-चार महिन्यांच्या हप्त्यांचे पैसे खात्यात असतील तर घाईने काही करू नकोस. इथला पत्त्याचा दाखला हाती आला की तोच भारतातल्या बँकेला पत्त्याचा पुरावा म्हणून दे आणि मग कामाला लाग. भारतातलं सिमकार्ड मात्र एक दिवसही बंद पडू देऊ नकोस. रिचार्ज बाबांकडे सोपव. ओटीपी त्यावर येतो, आणि तो क्रमांक गेला तर भारतातलं सगळं एका फटक्यात अडतं.

पैसे पाठवताना फी किती हे विचारू नकोस. ५०० युरो दिले तर सांगलीत किती रुपये पडतील, एवढंच त्याच दिवशी दोन-तीन ठिकाणी बघ. फी शून्य लिहिणारे दरात काढून घेतात. साध्या बँकेतून परदेशी पैसे पाठवणं बहुतेक वेळा महाग पडतं, त्यासाठी पैसे पाठवणारी वेगळी सेवा वापर आणि पगाराचं खातं पगारालाच ठेव.

एनआरईवरचं व्याज भारतात करमुक्त, पण तू आता जर्मनीची करदाती आहेस, आणि इथे जगभरातली मिळकत दाखवावी लागते. भारतातल्या खात्यांची माहिती दोन्ही देशांचे करखाते एकमेकांना आपोआप कळवतात. वर्षाला १,००० युरोपर्यंतच्या व्याज-लाभांशाला इथे सूट आहे, त्यामुळे भीती बाळगू नकोस, पण पहिलं विवरणपत्र भरताना ते व्याज लपवू नकोस. भारतात भरलेल्या कराचं काय करायचं ते दोन देशांच्या करारात आहे. पहिल्या वर्षी लोनश्टॉयरहिल्फे या नोकरदारांच्या करमदत संघाकडे जा, वर्गणी मिळकतीप्रमाणे असते.

घर मिळालं की भाड्याच्या कराराचा मसुदा सही करण्याआधी मला पाठव. काउत्सिऑनची रक्कम कुठल्या खात्यात ठेवणार हे त्यात लिहिलंय का, ते मला बघायचंय. ती घरमालकाच्या स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावी लागते आणि तिच्यावरचं व्याज तुझं असतं.